दस्ता गालाला दर वेळी एकाच जागी कसा लागेल?

हवेत उडवलेली तबकडी शॉटगनने फोडायचा हा खेळ. तबकडी चुकली की रेंजवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मागे राहिलो." म्हणजे बंदूक तबकडीच्या पुरेशी पुढे गेली नाही, छर्रे, म्हणजे काडतुसातले बारीक गोळे, तिच्या शेपटीमागून निघून गेले. पुष्कळदा ते खरंही असतं. पण शिकाऊ मुलामुलींच्या पाठीशी उभं राहून त्यांचे शॉट बघता बघता माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. मागे राहण्याचं कारण बहुतेक वेळा त्याच्याही मागे असतं. बंदूक कमरेपासून खांद्यापर्यंत येते त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात तबकडी फुटणार की सुटणार हे जवळजवळ ठरून गेलेलं असतं. या हालचालीला नेमबाज 'माउंट' म्हणतात. साध्या मराठीत बंदूक खांद्याला लावणं. पण 'खांद्याला लावणं' या शब्दांतच अर्धी चूक दडलेली आहे, कारण बंदूक आधी गालाला लावायची असते.

मागची साइट नसलेली बंदूक

रायफलवर दोन साइट, म्हणजे नेम जुळवायच्या खुणा, असतात, एक नळीच्या टोकाशी आणि एक डोळ्याजवळ. दोन्ही जुळल्या की नळी नेमकी कुठे बघते आहे ते कळतं. दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, खांद्यात किंचित वेगळा बसला तरी साइट जुळवताना ती चूक दिसते आणि दुरुस्त करायला वेळही असतो. शॉटगनवर मागची साइट नसतेच. नळीवर एक सपाट पट्टी असते आणि पट्टीच्या टोकाला एक बारीकसा मणी. मागची साइट म्हणजे नेमबाजाचा स्वतःचा डोळा. तो पट्टीच्या नेमका मागे, ठरावीक उंचीवर आला तरच बंदूक जिथे बघतो तिथे मारते.

अडचण अशी की डोळा जागेवर आला की नाही हे तपासून बघता येत नाही. नजर पूर्ण वेळ तबकडीवर हवी. पट्टी आणि मणी नजरेच्या कडेला धूसर दिसतील तेवढेच. म्हणजे साइट जुळवण्याचं काम गाल, खांदा आणि दोन हात यांनी न बघता करायचं आहे, आणि प्रत्येक वेळी अगदी तसंच करायचं आहे.

अगदी तसंच म्हणजे किती? हिशेब सोपा आहे. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचं अंतर साधारण एक मीटर धरा. गाल दस्त्यावर नीट टेकला नाही आणि डोळा ३ मिलिमीटर वर राहिला, एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढा. एक मीटरला ३ मिलिमीटर, तर ३५ मीटरला १०५ मिलिमीटर. आणि तबकडीचा व्यास आहे ११० मिलिमीटर. दोन नाण्यांच्या फरकाने शॉट जवळजवळ एक अख्खी तबकडी वर गेला.

"पण छर्रे पसरतात ना?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि तो बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे चालतात. नेहमीच्या बारीक छर्ऱ्यांमध्ये ते तीनशेच्या आसपास भरतात. त्या अंतरावर त्यांचा थवा पाऊण मीटरभर रुंद होतो. पण तो थवा सगळीकडे सारखा दाट नसतो. मध्यभागी गच्च आणि कडेला विरळ असतो. तबकडी आडवी उडत असली तर कडेने बघताना तिची उंची जेमतेम अडीच सेंटिमीटर दिसते. विरळ कडेत तिला एकही छर्रा न लागता निसटायला भरपूर जागा असते. शिवाय चुका एकट्या येत नाहीत. माउंटमुळे दहा सेंटिमीटर वर आणि अंदाज चुकल्यामुळे वीस सेंटिमीटर मागे असं झालं की तबकडी त्या विरळ कडेतच सापडते.

एक नियम मात्र कायमचा लक्षात ठेवण्यासारखा आहे. डोळा जिकडे सरकतो, छर्रे तिकडे जातात. डोळा पट्टीच्या वर राहिला तर शॉट वर जातो. उजव्या खांद्याने मारणाऱ्याचा गाल दस्त्यावर पुरता आला नाही आणि डोळा पट्टीच्या डावीकडे राहिला तर शॉट डावीकडे जातो. रायफलची मागची साइट सरकवल्यावर हेच होतं. इथे साइटच्या जागी डोळा आहे, एवढाच फरक.

माझ्या मते चुकीपेक्षा चुकीतली अनियमितता जास्त घातक असते. एखादी बंदूक दर वेळी दहा सेंटिमीटर वर मारत असेल तर मेंदू ते शिकून घेतो. ट्रॅप या प्रकारात तबकडी नेमबाजापासून दूर आणि वर चढत जाते, म्हणून ट्रॅपच्या बंदुका मुद्दाम थोडं वर मारतील अशाच बसवलेल्या असतात. पण आज वर, उद्या डावीकडे, परवा बरोबर असं असेल तर मेंदूने शिकायचं काय? तुम्ही तबकडीच्या पुढे किती जायचं याचा अंदाज बांधत असता, आणि पायाच रोज हलत असतो. माउंट एकसारखा होत नाही तोवर या पुढे जाण्यावर, म्हणजे 'लीड'वर, केलेली मेहनत वाया जाते, असं मी सरळ सांगते.

बंदूक गालाकडे येते

ऑलिंपिकमधल्या स्कीट या प्रकारात वेगवेगळ्या जागांवर उभं राहून आडव्या जाणाऱ्या तबकड्या मारायच्या असतात. तिथे माउंट टाळताच येत नाही. नेमबाजाच्या जाकिटावर एक पिवळी पट्टी लावलेली असते, आणि तबकडी दिसेपर्यंत दस्त्याचं मागचं टोक त्या पट्टीशीच खाली ठेवावं लागतं. तबकडी सोडा म्हणून हाक दिल्यावर ती लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही सुटेल. ट्रॅपमध्ये बंदूक खांद्याला लावूनच हाक देतात, त्यामुळे ट्रॅप खेळणाऱ्यांना वाटतं की हा विषय आपला नाही. पण तिथेही एका राउंडमध्ये २५ तबकड्या असतात आणि प्रत्येक वेळी बंदूक नव्याने गालाला लावावी लागते. तिथे वेळ असतो एवढंच. आणि त्या वेळात चुळबुळ करत मान वाकवून गाल शोधायची सवय लागते, जी सोडवणं फार कठीण जातं.

व्हिन्सेंट हॅनकॉक या अमेरिकी नेमबाजाने पुरुषांच्या स्कीटमध्ये २००८, २०१२, २०२० आणि २०२४ अशा चार ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं आहे. त्याचं किंवा कुठल्याही अव्वल स्कीट नेमबाजाचं चित्रण बघायला मिळालं तर तबकडी बघू नका, बंदूकही बघू नका. टोपीच्या कडेकडे बघा. बंदूक वर येते, कंबर वळते, पण टोपी वर-खाली होत नाही. डोकं ज्या उंचीवर होतं तिथेच राहतं आणि दस्ता तिथे येऊन लागतो. माझ्या मुलांना मी हेच आधी बघायला लावते.

आता हालचाल जवळून बघू. उजव्या हाताने चाप ओढणारा नेमबाज धरून सांगते. डावखुऱ्यांनी उलटं करून घ्यावं.

पाय खांद्याएवढे किंवा थोडे कमी फाकलेले. वजन किंचित पुढच्या पायावर. पाय तबकडी जिथे फोडायची त्या जागेच्या हिशेबाने लावायचे, कारण कंबर तिथे मोकळी राहायला हवी. हाक देण्याआधीच मान थोडी पुढे घेऊन ठेवायची, म्हणजे बंदूक आल्यावर तिला भेटायला मान खाली न्यावी लागत नाही. दोन्ही डोळे एका पातळीत.

तबकडी दिसली की पहिला हलतो तो डावा हात, पुढचा. हा हात बंदूक नुसती धरत नाही, तो तबकडीकडे बोट दाखवतो. बरेच जण तर्जनी लाकडाला समांतर लांब ठेवतात, त्याचं कारण हेच. लांबच्या वस्तूकडे बोट दाखवताना आपण नेम धरत नाही, बोट आपसूक तिथे जातं. ती जन्मजात हातोटी इथे कामाला लावायची. नळीचं तोंड तबकडीच्या वाटेवर आलं की तिथून हलता कामा नये. बंदूक वर येते आहे, कंबर वळते आहे, आणि तोंड मात्र तबकडीच्या वाटेवरून सरकत राहतं.

मागचा हात त्याच वेळी, त्याच गतीने दस्ता वर उचलतो. उचलतो, ओढत नाही. सर्वांत जास्त बिघाड मी इथेच पाहिला आहे. बहुतेकांचा उजवा हात बळकट आणि उतावळा असतो. तबकडी दिसली की तो झटकन दस्ता खांद्याकडे खेचतो. बंदूक तराजूच्या दांडीसारखी आहे. मागचं टोक झटक्यात वर गेलं की पुढचं खाली जातं. नळी तबकडीच्या खाली बुडते, मग तिला वर आणायची घाई, त्या घाईत ती तबकडीच्या वर जाते, मग पुन्हा खाली. तीन हालचाली झाल्या, जिथे एक पुरली असती.

दस्ता वर येताना आधी किंचित पुढे ढकलला जातो, म्हणजे तो जाकिटात किंवा काखेत अडकत नाही. मग तो गालाला लागतो आणि शेवटच्या दोनेक सेंटिमीटरमध्ये मागे येऊन खांद्यात बसतो. गाल आणि खांदा जवळजवळ एकाच क्षणी, पण मनात क्रम हवा तो आधी गाल. आधी खांदा असा क्रम मनात असला की दस्ता खांद्यावर कुठेतरी टेकतो आणि मग डोकं त्याला शोधत खाली येतं. दर वेळी वेगळ्या उंचीवर.

गालावर जागा कोणती? गालाच्या हाडाखाली बोट फिरवून बघा. हाडाची एक कड लागते. दस्त्याची वरची बाजू त्या कडेखाली बसली पाहिजे. हनुवटी किंवा जबडा टेकवून चालत नाही. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. गालाचं मांस दबतं. दस्ता हलका टेकला तर डोळा एका उंचीवर, घट्ट टेकला तर दोन-तीन मिलिमीटर खाली. वरचा हिशेब आठवा. जागा तीच आणि दाब वेगळा, एवढ्यानेही शॉट हातभर नाही तरी तबकडीभर हलतो. म्हणून जागेसारखाच दाबही नेमका हवा. हाडाचा आधार जाणवेल इतका घट्ट, पण दात आवळले जाणार नाहीत इतकाच.

खांद्याची जागा शोधायला उजवं कोपर बाजूला वर उचला आणि डाव्या हाताच्या बोटांनी गळ्याच्या हाडाच्या खाली, खांद्याच्या सांध्याच्या आतल्या बाजूला चाचपा. एक खळगा लागतो. दस्ता त्या खळग्यात. कोपर फार खाली सोडलं की खळगा नाहीसा होतो आणि दस्ता बाहेर दंडावर घसरतो. संध्याकाळी आरशात बघा. दंडावर निळा डाग असेल तर दस्ता खळग्याबाहेर लागत होता. गाल दुखत असेल तर डोकं दस्त्यावर नीट टेकलेलं नव्हतं आणि धक्क्याने दस्ता गालावर आपटत होता, किंवा दस्त्याच्या मापात गडबड आहे. शरीर खोटं बोलत नाही, आणि ते दुखणं सोसत राहणं मला मुळीच पसंत नाही. दुखायला लागलं की शरीर पुढच्या शॉटला आपोआप आखडतं आणि तिथून चुका वाढतच जातात.

एक मुलगी माझ्याकडे शिकते. तिच्या हातून मधल्या स्टेशनवर, म्हणजे उभं राहून मारायच्या मधल्या जागेवर, सलग पाच तबकड्या सुटल्या आणि ती वैतागून वळली. "ताई, मी पुढेच होते. मला दिसलं."

"पुढे होतीस," मी म्हटलं, "पण वर होतीस. चाप ओढायच्या आधीच तुझं डोकं उठलं. फुटते का ते बघायला."

तिने मान हलवली नाही, काही बोलली नाही. पुढच्या तबकडीला तिने गाल इतका धरून ठेवला की शॉटनंतरही बंदूक खाली घ्यायला विसरली. तबकडीचा काळा धूर झाला होता.

डोकं उचलणं ही अगदी माणसाच्या स्वभावातली चूक आहे. परिणाम बघायची घाई आपल्या सगळ्यांत असते. त्यावर माझा उपाय एकच. तबकडी फुटल्यावर तिचा एक तुकडा निवडायचा आणि तो जमिनीवर पडेपर्यंत गाल न उचलता बंदुकीसह त्याचा पाठलाग करायचा.

'मागे राहिलो' याचं मूळ

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. आडवी जाणारी तबकडी ताशी ९० किलोमीटर वेगाने चालली असेल तर ती सेकंदाला २५ मीटर पळते. ३५ मीटर अंतर कापायला छर्ऱ्यांना साधारण सेकंदाचा नववा भाग लागतो. तेवढ्यात तबकडी पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते, म्हणून बंदूक तेवढी पुढे असावी लागते आणि चालती असावी लागते.

माउंट कच्चा असला की काय होतं? दस्ता बरोबर लागला की नाही याची मनाला खात्री नसते. मग डोळा खात्री करायला तबकडीवरून मण्याकडे येतो. नजर मण्यावर आली की बंदूक थबकते. हे इतकं हमखास होतं की मी आता बाजूने बघूनही ओळखू शकते. सेकंदाचा दहावा भाग बंदूक थांबली तर तेवढ्यात तबकडी अडीच मीटर निघून गेली. नेमबाज म्हणतो, "मागे राहिलो", आणि पुढच्या तबकडीला आणखी पुढे जायचा प्रयत्न करतो. दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे. त्याला लीड कमी पडली नव्हती, त्याचा गालावर विश्वास नव्हता.

म्हणूनच दस्ता बसला की शॉट लगेच सुटला पाहिजे. बसण्याआधी नाही, आणि बसल्यावर मोजत राहूनही नाही. लीड घेण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. कुणी तबकडीच्या मागून येऊन तिला ओलांडतं, कुणी तिच्यावर बंदूक आणून मग पुढे निघतं, कुणी सुरुवातीपासून पुढेच राहतं. त्यातली कुठली बरी यावर तासन्‌तास वाद चालतात. मी त्यात पडत नाही. तिन्ही पद्धतींना शेवटी गालावर जागेवर आलेला दस्ताच लागतो.

दोष कुणाचा, हाताचा की दस्त्याचा?

शॉट चुकायला लागले की लोक बंदूक बदलतात किंवा दस्ता तासून घेतात. त्याआधी एक कागद लावा. मीटरभर रुंद आणि तेवढाच उंच, मधोमध काळा ठिपका. १५ मीटरवर उभे राहा, घट्ट चोक (छर्ऱ्यांचा थवा आवळणारा नळीच्या तोंडाचा निमुळता भाग) लावा, नजर ठिपक्यावर ठेवा, बंदूक खालून आणा आणि दस्ता बसताक्षणी चाप ओढा. नेम धरायचा नाही, दुरुस्ती करायची नाही. असे पाच-सहा शॉट त्याच कागदावर मारा आणि प्रत्येक शॉटनंतर त्याच्या थव्याचा मध्य पेन्सिलीने खुणावून ठेवा.

खुणा कागदभर विखुरल्या असतील तर दोष माउंटचा. अशा अवस्थेत दस्ता बदलणं म्हणजे हलत्या माणसाच्या अंगाचं माप घेणं. सगळ्या खुणा एकमेकींजवळ पण ठिपक्यापासून दूर पडल्या असतील तर मात्र अभिनंदन, तुमचा माउंट एकसारखा आहे. आता दस्त्याकडे बघायचं. १५ मीटरवर कागदावरचे १५ मिलिमीटर म्हणजे दस्त्यावरचा साधारण १ मिलिमीटर. कुठे किती काढायचं किंवा चढवायचं याचं गणित कागदच सांगतो.

दस्त्याची मापं चार. चापापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी, पट्टीच्या पातळीपासून दस्त्याची वरची बाजू किती खाली आहे ते, दस्ता बाजूला किती वाकवलेला आहे ते, आणि मागच्या टोकाचा उतार. लांबी तयार बंदुकांवर बहुधा साडेचौदा इंचांच्या जवळपास असते. ती कुणाला तंतोतंत बसते, बऱ्याच जणांना बसत नाही. दस्ता लांब असला की वर येताना कपड्यात अडकतो, आखूड असला की शॉटच्या धक्क्याने अंगठा नाकाला लागतो. ही ढोबळ तपासणी मात्र अगदी सुरुवातीलाच करून घ्या. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात मोठ्या माणसाची बंदूक देऊन तिच्याकडून एकसारख्या माउंटची अपेक्षा करणं अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो. कपडेही यात येतात. जाड स्वेटरवर जाकीट चढवलं की दस्ता एक-दोन सेंटिमीटरने लांब झाल्यासारखाच होतो.

प्रबळ डोळा कोणता हेही याच टप्प्यावर बघून घ्या. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये एक छोटी खिडकी करा, दोन्ही डोळ्यांनी तिच्यातून लांबची वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसते तो प्रबळ. तो खांद्याच्या विरुद्ध बाजूचा निघाला तर उत्तम माउंटही चुकीच्या डोळ्याला साथ देईल. त्याची सोय आधी प्रशिक्षकाशी बोलून करावी लागते.

घरी, काडतुसांविना

माउंट रेंजवर घडत नाही. तिथे तबकडी असते, आवाज असतो, गुण असतात, आणि लक्ष तिकडे जातं. तो घरी घडतो, रोज दहा मिनिटं.

आधी सुरक्षा, आणि यात कुठलीही सवलत नाही. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. बंदूक उघडा, दोन्ही चेंबरमध्ये, म्हणजे काडतुसं बसतात त्या जागांमध्ये, डोळ्याने बघा आणि मग बोट घालूनही बघा. फोन आला, कुणी हाक मारली, दोन मिनिटांसाठी बाहेर जाऊन आलात, तर परत हेच. खोलीत दुसरं कुणी नको, आणि नळी ज्या दिशेला फिरणार आहे तिकडे भिंतीपलीकडेही माणसांचा वावर नसावा.

पहिला सराव डोळे मिटून. बंदूक खाली धरा, समोरच्या भिंतीवरचा एक बिंदू बघा, डोळे मिटा, सावकाश माउंट करा, मग डोळे उघडा. पट्टी कशी दिसते? मणी बिंदूवर, पट्टीच्या मध्यावर आणि नेहमीच्याच उंचीवर दिसला तर ठीक. डावीकडे किंवा वर दिसला तर मान हलवून दुरुस्त करू नका. बंदूक खाली घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. डोळे मिटले की नजरेची मदत संपते आणि गालाला स्वतःची जागा स्वतःच शोधावी लागते. तेच तर शिकवायचं आहे.

दुसरा सराव मला सर्वांत आवडतो. नळीच्या तोंडात घट्ट बसेल असा छोटा टॉर्च घ्या, झोत बारीक करा, खोलीत अंधार करा. भिंत आणि छत जिथे मिळतात ती रेघ म्हणजे तबकडीची वाट. उजेडाचा ठिपका रेघेच्या एका टोकाला ठेवा, कंबर वळवत तो रेघेवरून न्या आणि जाता जाता माउंट करा. पहिल्यांदा करताना प्रत्येकाला धक्का बसतो. ठिपका रेघेवरून सुरळीत निघतो, आणि दस्ता वर यायला लागला की वीतभर खाली भिंतीवर उडी मारतो, मग झपकन छतावर. उजव्या हाताची सगळी घाई भिंतीवर लिहून येते. तिथे प्रशिक्षकाने काही सांगायची गरज उरत नाही. डाव्या हाताला पुढे करा, उजव्याला धीर द्या, गती निम्म्यावर आणा. हळूहळू ठिपका रेघ सोडेनासा होतो.

गती निम्म्यावर का, तर स्नायूंना स्मरण नसतं. 'मसल मेमरी' म्हणतो ती मेंदूत घडते, आणि मेंदू बरोबर-चूक असा भेद करत नाही, जे वारंवार केलं ते पक्कं करतो. घाईत केलेले पन्नास वाकडे माउंट म्हणजे वाकड्या माउंटचा पन्नासदा सराव. पंधरा-वीस चांगले पुरतात. या खेळातल्या शॉटगनचं वजन बहुधा साडेतीन किलोच्या वर असतं. हात थकला की पहिल्यांदा मान खाली यायला लागते. मान हलली की त्या दिवसाचा सराव संपला. रविवारी दोन तास घाम गाळण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी जास्त कामाची, कारण दोन सरावांमधल्या विश्रांतीतही मेंदू ते शिकणं पक्कं करत असतो.

रेंजवर नेताना एकदम खालून सुरुवात करू नका. यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत, पण मी नवीन मुलांना आधी बंदूक गालाला लावूनच तबकड्या मारायला देते. गालाला जागा कळली की दस्ता पाच सेंटिमीटर खाली घेऊन, मग काखेपर्यंत, मग जाकिटावरच्या पिवळ्या पट्टीपर्यंत. प्रत्येक पायरीवर एकच सोपी तबकडी, तीच पुन्हा पुन्हा. फुटणं मोजायचं नाही, टोपी हलली का एवढंच कुणालातरी बघायला सांगायचं, नाहीतर फोन बाजूला उभा करून चित्रण करायचं.

त्या मुलीने पहिला कागद लावला तेव्हा तिच्या सहा खुणा चाळीसेक सेंटिमीटरच्या पसाऱ्यात होत्या. ती दस्ता बदलू या म्हणून मागे लागली होती. मी कागदावर तारीख घालून ठेवून दिला आणि तिला टॉर्च दिला. दीड महिन्याने दुसरा कागद लावला. सहाही खुणा तळहाताखाली झाकल्या जात होत्या, पण ठिपक्यापासून साडेचार सेंटिमीटर डावीकडे. तिने स्वतःच हिशेब केला. पंधराने भागून तीन मिलिमीटर. मग आम्ही दस्ता उघडला.